चाळीस घरांची झोळी

हाती आलेलं सोनं जमिनीवर टाकून पुढं जावं लागतं, हे मी सिडकोतल्या एका सायबर कॅफेत शिकलो. साल २००१. आमच्या करमाडच्या फाट्यावर काळी-पिवळी टॅक्सीत बसायचं, जालना रोडनं शेंद्रा, चिकलठाणा, मुकुंदवाडी मागे टाकत शहरात सिडकोला उतरायचं आणि तासाचे पंधरा रुपये मोजून ‘डायब्लो’ हा कॉम्प्युटर गेम खेळायचा. एका खुर्चीवर आम्ही दोघं मित्र बसायचो. माऊस त्याच्याकडं, कीबोर्ड माझ्याकडं. आपल्या शिपायाच्या कंबरपट्ट्याला औषधाच्या आठ बाटल्या असत, एक ते आठ आकड्यांवर. जीव खालावला की वेळेवर बाटली पाजायची, हे माझं काम.

त्या दिवशी एका राक्षसाच्या अंगावरून चिलखत खाली पडलं. उचलायला गेलो तर जागा नाही. झोळी उघडून बघितली. आडवी दहा, उभी चार, अशी चाळीस घरं. अंगठीला एक घर, बाटलीला एक. साध्या तलवारीला उभी तीन. धनुष्याला सहा, चिलखतालाही सहा, आणि ती सहा घरं एकाला एक लागून हवीत. इकडं दोन, तिकडं चार रिकामी असली तर उपयोग नाही. सोनंही याच घरांत. पाच हजार मोहरा झाल्या की एक घर भरलं, पुढच्या मोहरेला दुसरं घर. मित्र म्हणाला, “धनुष्य टाक.” मी म्हणालो, “धनुष्य लागंल, सोनं टाक.” तास संपायला सात-आठ मिनिटं उरली होती आणि आम्ही दोघं त्या चाळीस घरांत सामान सरकवत होतो. ढाल खाली, बाटल्या एका कडेला, तलवार उभी. शेवटी दोन घरांचं सोनं जमिनीवर ठेवलं आणि चिलखत आत बसलं. त्या खेळातला एकही राक्षस मला आज नीट आठवत नाही. ते चिलखत कुठं बसवलं, ते आठवतं.

हे मांडणं मला नवं नव्हतं. करमाडला आमचं किराणा दुकान होतं, बारा बाय दहाचं. साखरेची, तांदळाची पोती खाली, त्यावर पाय ठेवून चढलं की फळीवरचे डबे, डब्यांच्या वर बिड्या-काडेपेट्यांची पुडकी. दुकान चालवणाऱ्या अण्णांच्या डोक्यात त्याचा सगळा नकाशा होता. वीज गेलेली असताना, अंधारात, ते हात लांब करून हिंगाची डबी काढायचे. दिवाळीच्या आधी माल जास्त यायचा, तेव्हा रात्री शटर ओढून आम्ही पोती फिरवायचो. कोणतं पोतं दाराशी, कोणतं भिंतीला, याचा विचार ते चहा पिता पिता करायचे आणि एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा हलवायची वेळ यायची नाही.

घरात आजीची उतरंड होती. सगळ्यांत खाली मोठा डेरा, त्यावर मडकं, त्यावर गाडगं, असं निमुळतं होत छताकडं गेलेलं. रोज लागणारं वर, वर्षातून एकदा लागणारं तळाला. तळातलं बियाणं काढायचं तर वरची पाच भांडी उतरवावी लागत, म्हणून ते पेरणीशिवाय निघत नसे. बाजारात जाताना तिच्या कमरेला चंची असायची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी, आतल्या चोरकप्प्यात नोटा. तिला कधी चंचीत डोकावून बघावं लागलं नाही. बोटांना घर माहीत होतं.

डायब्लोची झोळी पहिल्यांदा उघडली तेव्हा ती मला ओळखीची वाटली, याचं कारण हेच असावं. त्याच्या आधी आम्ही जे खेळलो त्यात झोळी नव्हतीच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले गेम, त्यातलं ‘कॉन्ट्रा’ म्हणजे जीव की प्राण. त्यात सामान म्हणजे हातातली बंदूक, एवढंच. उडत आलेल्या डबीवरचं अक्षर घेतलं की जुनी बंदूक गेली. एस मिळाली की घरातली सगळी पोरं ओरडायची, आणि मेलो की तीही जायची. दुसरा गेम यात्रेत मिळायचा, हातात मावणारा, विटा रचायचा. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तयार केलेल्या टेट्रिसची ती गरीब नक्कल. हे नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, पण वीट फिरवून फटीत बसवायचं शिक्षण त्यानंच दिलं.

झोळीचा इतिहास कॅसेटवाल्या गेमपेक्षा जुना आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनातून कळलं. १९७६ मध्ये अमेरिकेत विल क्राउदर यांनी ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला, पुढच्या वर्षी डॉन वूड्स यांनी तो वाढवला. त्यात चित्र नाही, फक्त मजकूर. क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारे होते आणि केंटकीतल्या मॅमथ केव्हचा एक भाग त्यांनी शब्दांत उतरवला होता. खेळणाऱ्यानं ‘इन्व्हेंटरी’ असं टाइप केलं की आपल्याजवळ काय काय आहे त्याची यादी समोर यायची. दिवा, किल्ल्या, पिंजरा, काठी. सातच्या वर वस्तू घेता येत नसत. आठवी घ्यायची तर आधी एक खाली ठेवा. पुढं पन्नास वर्षांत जे काही झालं त्याचं बीज या सातच्या आकड्यात आहे, असं मला वाटतं. खोली कितीही मोठी असो, हात दोनच असतात.

गोळ्या घालायच्या गेमांनी या प्रश्नाला बगल दिली. ‘डूम’पासून सगळ्या बंदुका आकड्यांच्या कळांवर आल्या, एक दाबा, दोन दाबा, त्या कुठं ठेवल्यात हे विचारू नका. आमच्याकडं गाजलेल्या ‘प्रोजेक्ट आयजीआय’मध्येही तसंच. ‘व्हाइस सिटी’त एका प्रकारचं एकच हत्यार जवळ राहायचं आणि पोलिसांनी धरलं किंवा दवाखान्यात गेलो की सगळं काढून घेतलं जायचं. त्यात मजा होती, पण झोळीचा विचार नव्हता. म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

भीतीचा गेम मात्र झोळीनंच उभा केला. १९९६ चा ‘रेसिडेंट इव्हिल’. त्यात ख्रिसला सहा घरं, जिलला आठ. पिस्तूल एक घर, गोळ्या एक, जखमेवरची वनस्पती एक, दाराची किल्ली एक. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटरची शाईची रीळ लागते, तीही एक घर खाते. म्हणजे ख्रिस घेऊन वाड्यात शिरलात तर पाच गोष्टी घेतल्यावर एकच घर मोकळं. समोर दोन वस्तू दिसतात, एक घ्यायची, आणि बाहेर अंधाऱ्या व्हरांड्यात कोण उभं आहे ठाऊक नाही. जागोजागी पेट्या ठेवलेल्या असत. एका पेटीत टाकलेली वस्तू दुसऱ्या कुठल्याही पेटीतून निघायची. हे खरं नव्हे, हे आम्हालाही कळत होतं, पण त्या पेटीपर्यंत पोचल्यावर जे हुश्श व्हायचं ते खरं होतं. राक्षसांपेक्षा त्या सहा घरांनी आम्हाला जास्त घाबरवलं.

त्याच मालिकेतला चौथा भाग २००५ मध्ये आला, कॉम्प्युटरवर २००७ मध्ये. तोपर्यंत आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आला होता आणि भारनियमनही बारा-बारा तासांवर गेलं होतं, त्यामुळं रात्री वीज आली की उठून खेळायचो. यात नायकाजवळ एक सुटकेस आहे. तिच्यात चौकोन आखलेले. रायफल एका लांबलचक ओळीत झोपते, पिस्तूल आखूड, हातबॉम्ब बारके. कोंबडीची अंडी आणि तळ्यातले मासेसुद्धा जागा घेतात. वस्तू फिरवून आडवी-उभी करता येते. हिरवी वनस्पती आणि लाल वनस्पती एकत्र केली की दोन वस्तूंच्या जागी एकच उरते, आणि गुणही वाढतो. धने, मिरची, खोबरं वेगवेगळं ठेवलं तर तीन डबे, कुटून काळा मसाला केला तर एक. आमच्या घरी कुणाला हे समजवावं लागलं नसतं. मी लढाई थांबवून ती सुटकेस लावत बसायचो. बंदुका एकीकडं, बंदुकीखाली तिच्याच गोळ्या, औषधं उजव्या कडेला. सगळं बसून मधला चौकोन मोकळा राहिला की दिवाळीआधी शटर ओढून केलेल्या रात्री आठवायच्या. मला विचाराल तर झोळीची कला या सुटकेसपर्यंत चढली आणि तिथून पुढं ती इतकी वर गेली नाही.

दुसरा रस्ता वजनाचा. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये घरं नाहीत, नुसती यादी आहे आणि एक आकडा. सुरुवातीला तीनशे. त्याच्यावर एक तोळा गेला की माणूस पळू शकत नाही, पाय ओढत चालतो. यातही निवड आहे, ड्रॅगनचं हाड जड, ते घ्यायचं तर काय ठेवायचं. पण यादीत तलवार आणि चीज एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. सोन्याला वजनच नाही. मी शंभर तास खेळलो असेन, माझ्याजवळ काय होतं ते सांगता येणार नाही. ‘माइनक्राफ्ट’ची छत्तीस घरं मात्र पोरांना तोंडपाठ असतात, एका घरात मातीचे चौसष्ट ठोकळे, तलवार मात्र एका घरात एकच. ते मला आवडतं. निदान मोजायला तरी लावतं.

वजन खरोखर कुणी दाखवलं असेल तर २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’नं. सगळा गेम म्हणजे ओझं पोचवणं. पेट्या पाठीवर एकावर एक चढतात आणि डोळ्यांना दिसतात. ढीग उंच झाला की माणूस डगमगतो, उतारावर तोल जातो, तोल सावरायला दोन्ही बोटं बटणांवर दाबून धरावी लागतात. जपानमधल्या लोकांनी केलेला हा गेम बघताना मला आमची विहिरीची वाट दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, काखेत लेकरू, आणि पावसाळ्यात निसरडा बांध. त्या बायकांची मान जे करायची तेच त्या दोन बटणांनी करायचं.

आता मला जे सांगायचंय त्याकडं येतो. पहिल्या डायब्लोत चिलखताला सहा घरं होती. २००० च्या दुसऱ्या भागात घरं राहिली, पण सोनं झोळीतून निघून वेगळ्या आकड्यात गेलं. गावात सामान ठेवायला पेटीही आली. पहिल्या भागात ती नव्हती. जास्तीचं सामान आम्ही गावातल्या गवतावर ओळीनं मांडून ठेवायचो, मिरच्या वाळत घातल्यासारखं, आणि पुढच्या वेळी गेम उघडला की ते तिथंच असायचं. २०१२ च्या तिसऱ्या भागात कोणतीही वस्तू एक किंवा दोन घरांत मावू लागली, आणि सोन्यावरून नुसतं चालत गेलं की ते गोळा होऊ लागलं. २०२३ च्या चौथ्या भागात अंगठी एक घर, चिलखतही एक घर. वस्तूचं अंग गेलं. एक बटण दाबलं की सगळं आपोआप लागतं, दुसरं दाबलं की सगळं भंगार एका फटक्यात निघतं.

मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, म्हणून मला हा बदल आतून कळतो. आमच्या स्टोअरमध्येही तसंच झालंय. नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक रॅकला बिन कार्ड लटकलेलं असायचं, माल घेतला की पेननं आकडा लिहायचा. आता स्कॅनर आहे. हजारो प्रकारचे भाग, प्रत्येकाला नंबर, नंबराला रॅक, रॅकला ओळ. ते हवंच. अण्णांच्या पद्धतीनं कारखाना एक दिवस चालणार नाही. एक बोल्ट कमी पडला तर लाइन थांबते. कामात वस्तूचा आकार विसरता आला पाहिजे, तरच ते काम उरकतं. पण गेम उरकायला कुठं बसतो आपण? ज्यांनी चिलखत एका घरात बसवलं त्यांनी खेळणाऱ्याचा वेळ वाचवला, हे मला मान्य आहे. तो वाचवलेला वेळच मला खेळायचा होता.

पुतण्याकडं बघितलं की थोडं बरं वाटतं. तो मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो. करमाडमध्ये पारावर, रसवंतीपाशी, मोबाइल आडवे धरून बसलेली पोरं हाच खेळ खेळत असतात. त्यात पाठीवरची बॅग आहे, लेव्हल एक, दोन, तीन. लेव्हल तीनची बॅग मिळाली की जत्रेत हंडी फुटल्यासारखा आवाज होतो. प्रत्येक गोळी, प्रत्येक पट्टी बॅगेत जागा खाते आणि जाड गोळीला बारीक गोळीपेक्षा जास्त जागा लागते. एकदा मी शेजारी बसून म्हणालो, “अरे, त्या गोळ्या पडल्यात, घे की.” तो मान वर न करता म्हणाला, “काका, सेव्हन सिक्स्टी टू कशाला भरू? माझ्याकडं एम फोर हाय. जड पडतंय ते. त्यापेक्षा दोन फर्स्ट एड घेतो, एक तुला लागंल.” ‘तुला’ म्हणजे त्याचा जोडीदार, लाडगावचा, कानातल्या हेडफोनमधून ऐकणारा. दुसऱ्यासाठी जागा राखून बॅग भरणं हे आमच्या डायब्लोत नव्हतं. एका खुर्चीवर दोघं बसायचो, पण झोळी एकच होती. हे पोरांचं आमच्यापेक्षा पुढचं आहे आणि ते मोकळेपणानं कबूल केलं पाहिजे. शिवाय तो तवा! पाठीमागं टांगलेला, बॅगेत जागा न घेणारा, मागून आलेली गोळी अडवणारा लोखंडी तवा. स्वयंपाकघरातली वस्तू रणात उपयोगी पडते, हे ज्यांना सुचलं त्यांना माझा नमस्कार.

मात्र याच खेळात दुसरी एक झोळी आहे आणि तिच्याबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. सामना संपला की पाठीवरची बॅग रिकामी होते, ते योग्यच. पण कपडे, बंदुकीवरचे रंग, टोप्या यांचं एक कपाट कायम राहतं, आणि ते पैसे मोजून भरावं लागतं. या वस्तूंना वजन नाही, घर नाही, मर्यादा नाही. काही ठेवायचं म्हणून काही टाकावं लागत नाही. २ सप्टेंबर २०२० ला या खेळाच्या आधीच्या रूपावर, पबजी मोबाइलवर, बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी साठवलेलं सगळं कपाट एका रात्रीत कुलूपबंद झालं. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं खेळ परतला तेव्हा ते सामान नव्या खात्यावर आणता आलं. वर्षभरानं, जुलै २०२२ मध्ये, खेळ पुन्हा ॲपच्या दुकानांतून निघाला, मे २०२३ मध्ये परत आला. आजीच्या उतरंडीला कुलूप नव्हतं, पण तिची मालकीण आजी होती. पुतण्याच्या कपाटाचा मालक पुतण्या नाही. हे त्याला मी सांगितलंय आणि पैसे देणं थांबवलंय.

पुण्यातही आता गेम तयार होतात, याचा मला अभिमान वाटतो. नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. त्यातल्या मुलीजवळ झोळी नाही, त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार अशी मोजकी हत्यारं आहेत, तीच बदलत लढायचं. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो बीजीएमआयच्या वाटेनं जाणारा. या मंडळींकडं माझं एक मागणं आहे. कधीतरी उतरंडीचा गेम करा. वरचं उतरवल्याशिवाय तळचं निघणार नाही, आणि पेरणीची वेळ जवळ येत चाललीय, एवढं पुरेसं आहे. चंचीचा करा, तीन कप्पे आणि एक चोरकप्पा. अशा झोळ्या आपल्या घरांत होत्या.

आमचं दुकान अण्णांच्या मागे आम्ही भाड्यानं दिलं. आता तिथं मोबाइलचं सामान मिळतं, सगळं पाकिटात, हुकांना लटकलेलं. पोत्यांनी घासून गुळगुळीत झालेली फरशी तेवढी जुनी आहे. उतरंडीतला डेरा मी घरी आणला, त्यात तुळस लावली.

पहिला डायब्लो २०१९ पासून जीओजी या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालतो. गेल्या दिवाळीत पुतण्याला तो लावून दिला. अर्ध्या तासानं त्याची हाक आली, “काका, बॅग फुल झाली. सोनं टाकू का धनुष्य?” तुमच्या घरात खेळणारं पोर असेल तर एकदा त्याच्याशेजारी बसून हा गेम खेळा. चाळीस घरं आहेत, आणि सोनंही त्यातच ठेवावं लागतं.